कापलेल्या हेडचा हिशेब: एका पद्मिनीचं कंप्रेशन

तक्रार साधी होती. साखरप्याहून आंबा घाट चढताना, वरच्या वळणांवर तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून बारीक ठणठण यायची. पत्र्याच्या डब्यात कुणी छर्रे हलवावेत तशी. पाय सैल केला की बंद. सपाटीला काहीच नाही.

गाडी माझ्या दाजींची. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, गियर स्टिअरिंगच्या दांड्याला. गेल्या उन्हाळ्यात याच घाटात रेडिएटरचा वरचा पाईप फुटला, आणि दाजींनी ‘आता माथ्यावर पोचूच’ म्हणून गाडी तशीच ओढली. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि खाली बिडाचा ब्लॉक, त्यात पाणी नाही. हेड वाकलं, दोन्हींच्या मधलं गॅस्केट गेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेडला फेस मारून घेतला, म्हणजे वाकलेलं तोंड मशिनवर कापून सपाट केलं. दोन महिन्यांनी रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे. म्हणून दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्यांदा फेस मारला आणि इंजिन उघडलंच आहे तर धूरही काढू म्हणून बोअर करून, म्हणजे सिलिंडर जरा रुंद करून, नवे पिस्टन घातले. ठणठण सुरू झाली ती त्यानंतर.

कंप्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण कितीपट दाबतो ते, फार वाढलं की अशी ठणठण येते. त्यामुळे मिस्त्रींचं निदान तयार होतं. “सर, हेड दोनदा कापलंय. कंप्रेशन धाच्या फुडं गेलंय. दोन गॅस्केट घालू, गप बसतंय बघा.”

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने मोबाईलवर हिशेब मांडून साडेनऊ काढलं. मग त्याला मिस्त्रींच्या वहीतलं कंप्रेशन गेजचं वाचन दिसलं, पहिल्या सिलिंडरला १६५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड). त्याने १६५ ला १४.७ ने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाने, भागलं आणि म्हणाला, “मामा, हे तर अकराच्या वर जातंय.”

एकाच इंजिनाला एका दुपारी तीन आकडे मिळाले: दहा, साडेनऊ, सव्वाअकरा. मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं घालवली, त्यामुळे मला यातला एकही पटला नाही. पण पटला नाही म्हणून भागत नाही, खरा आकडा काढावा लागतो. मिस्त्रींना म्हटलं, हेड उतरवा आणि दोन दिवस कशाला हात लावू नका.

आधी गेजचा गुंता

कंप्रेशन गेज दाब दाखवतं, गुणोत्तर दाखवत नाही. या दोन गोष्टी गॅरेजमध्ये इतक्या सर्रास एक धरल्या जातात की ‘कंप्रेशन किती आहे?’ या प्रश्नाला कुणी ‘दीडशे’ म्हणतो आणि कुणी ‘आठ’, आणि दोघंही बरोबर असतात.

हवा दाबली की तापते, आणि तापली की दाब आणखी चढतो. म्हणजे आकारमान आठपट कमी झालं म्हणून दाब आठपटच होतो असं नाही, तो त्याहून जास्त होतो. उलट बाजूने, इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा असतो, तेवढी हवा परत जाते. रिंगांतून थोडी गळते. बॅटरी मंद असेल तर स्टार्टर हळू फिरतो आणि वाचन पडतं. सिलिंडरच्या भिंतीला तेल जास्त असेल तर वाचन चढतं. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे बाहेरची हवाच १४.७ नसून पावणेचौदाच्या आसपास आहे. म्हणून १६५ भागिले १४.७ या भागाकाराला काही अर्थ नाही. गेज कामाचं असतं ते चार सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहायला. इथे वाचनं १६५, १६०, १५५, १५५ होती. पहिला सिलिंडर पुढे आणि मागे जावं तसा दाब उतरता. हा उतार मी तेव्हा वहीत नुसता लिहून ठेवला, त्याचा उलगडा पुढे झाला.

सूत्र सोपं, मापं अवघड

पिस्टन तळाला असताना त्याच्या डोक्यावर जेवढी जागा, भागिले पिस्टन माथ्यावर असताना उरणारी जागा, हे कंप्रेशन रेशो. पिस्टन जेवढी जागा झाडतो तिला स्वेप्ट म्हणू आणि माथ्यावर उरते तिला क्लिअरन्स. मग रेशो म्हणजे स्वेप्ट भागिले क्लिअरन्स, अधिक एक. या अधिक एकमुळे माझ्या किती विद्यार्थ्यांचे मार्क गेले असतील, त्याची गणती नाही. नुसता भागाकार करून थांबलं तर आठचं इंजिन सातचं होऊन बसतं.

स्वेप्टमध्ये फार चूक होत नाही. पद्मिनीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिमी, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५ मिमी. एका सिलिंडरचे २७२.४ सीसी, चारांचे मिळून १०८९. फियाट ११०० च्या काळापासून हा आकडा तोच. आता बोअर गेजने मोजलं तर भोक ६८.६० निघालं, म्हणजे साठचं ओव्हरसाईज. क्षेत्रफळ ३६.९६ चौरस सेंमी, गुणिले ७.५, एका सिलिंडरचे २७७.२ सीसी.

खरी गंमत क्लिअरन्समध्ये आहे. त्यात चार तुकडे येतात: हेडमधला चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून किती खाली थांबतो ती जागा, आणि पिस्टनच्या डोक्याचा आकार. डोक्यात खळगा असेल तर तो मिळवायचा, फुगवटा असेल तर वजा करायचा.

भाच्याचं साडेनऊ कुठून आलं तेही इथेच कळतं. न कापलेल्या हेडचा चेंबर ३७.५ सीसी, हा आकडा त्याने माझ्याच जुन्या वहीतून घेतला. बिलांवर पहिल्या फेसला ०.६० आणि दुसऱ्याला ०.७५ मिमी लिहिलं होतं, बेरीज १.३५. ती त्याने पूर्ण बोअरच्या क्षेत्रफळाने गुणली, पाच सीसी. ३७.५ मधून पाच गेले, उरले ३२.५. २७७.२ भागिले ३२.५ अधिक एक, झाले ९.५३. अंकगणितात चूक शून्य. पण गॅस्केट नाही, पिस्टन कुठे थांबतो ते नाही. आणि मोठी चूक वेगळीच: चेंबरचं तोंड काही बोअरएवढं नसतं. बोअरच्या काही भागावर हेडची सपाट पट्टी येते. ती कापली तरी चेंबरची जागा कमी होत नाही, कारण तिथे जागा नव्हतीच.

हे त्याला पटावं म्हणून हेडच्या तोंडाला पातळ निळ लावून ग्राफ पेपर दाबला आणि ठसा घेतला. मग त्याला चौकोन मोजायला बसवलं. अर्धे चौकोन जोडत, कडेचे सोडत, त्याने २६ चौरस सेंमी काढले. म्हणजे एक मिमी कापलं तर ३.७ नाही, २.६ सीसी जातात. तेवढ्यानेच त्याचा अर्धा ताठा उतरला.

ब्युरेट

कापलेलं माप आणि बिलावरचं माप या दोन गोष्टी एक असतातच असं नाही. म्हणून चेंबर थेट पाण्याने मोजायचा. यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही, आणि याला खर्चही नाही. पन्नास मिलिची काचेची ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची नळी), बारा मिमी जाड ॲक्रिलिकचा एक तुकडा, त्यात कडेजवळ पाडलेलं सहा मिमीचं भोक, थोडं ग्रीस. पाण्यात शाईचे दोन थेंब आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाणी कोपऱ्यात शिरतं, बुडबुडा चिकटून बसत नाही. पूर्वी आम्ही यासाठी रेशनचं निळं रॉकेल वापरायचो, रंग आयता मिळायचा.

व्हॉल्व्ह जागेवर हवेत आणि ते टेकतात त्या सीटला ग्रीसचा पातळ हात हवा. प्लग तोच हवा जो गाडीत बसणार आहे, दुसऱ्या लांबीचा चालत नाही. हेड उलटं ठेवायचं, आणि थोडं तिरकं, ॲक्रिलिकचं भोक सगळ्यात उंच राहील असं. मग हवा आपोआप तिथून निघते. मी पहिल्या चेंबरला ही तिरकस ठेवायची गोष्ट विसरलो आणि ३३.२ वाचलं. वरून वाकून पाहिलं तर प्लगशेजारी वाटाण्याएवढा बुडबुडा. पाणी काढलं, पुसलं, पुन्हा भरलं. ३४.०. तिसऱ्यांदाही ३४.०.

दोन वेळा एकच आकडा येईपर्यंत पुढच्या चेंबरला जायचं नाही, असा आमचा नियम होता. एका सीसीची चूक म्हणजे या इंजिनात रेशोमध्ये ०.२ ची चूक. ऐकायला किरकोळ, पण या प्रकरणात सगळा वादच एका पूर्णांकाचा आहे.

चारी चेंबर: पहिला ३४.०, दुसरा ३४.६, तिसरा ३५.५, चौथा ३५.४ सीसी.

तुलनेला माझ्याकडे एक भंगारातलं हेड आहे. मुंबईत टॅक्सीला लागलेल्या पद्मिनीचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी सेवेतून गेली, पण तिच्या आधी कितीतरी वर्षं हे सुटे भाग टनाच्या भावाने विकले जात होते. त्या हेडवर कारखान्यातल्या मिलिंगच्या मूळ रेषा अजून दिसतात. त्याचे चार चेंबर ३७.४, ३७.६, ३७.५, ३७.५. सरासरी ३७.५, हाच तो वहीतला आकडा. चारांत ०.२ चा फरक. दाजींच्या हेडमध्ये मात्र दीड सीसीचा फरक, आणि तोही पुढून मागे चढता. गेजवरच्या उताराचं कारण सापडायला लागलं.

कॉलेजात जाऊन सरफेस प्लेटवर दोन्ही हेडं शेजारी ठेवली. तोंड खाली, आणि वर रॉकर कव्हर बसतं त्या मशीन केलेल्या पट्टीपर्यंतची उंची डायल गेजने चारी कोपऱ्यांना घेतली. दाजींचं हेड रेडिएटरच्या बाजूला मूळ हेडपेक्षा १.३५ मिमी कमी होतं. केबिनच्या बाजूला फक्त ०.७५. पहिला ०.६० चा फेस सरळ होता. दुसऱ्या वेळी हेड बेडवर नीट बसलंच नव्हतं. एका टोकाखाली धातूचा कीस राहिला असेल, किंवा डायल न फिरवताच क्लॅम्प आवळले असतील. पुढून ०.७५ गेले आणि मागून जेमतेम ०.१५. तोंड सपाट होतं, पट्टी ठेवली तर पाच शतांश मिमीची फीलरची पातळ पट्टीही शिरत नव्हती. म्हणून पाणी गळायचं थांबलं आणि मशिनवाल्याच्या लेखी काम चोख झालं. पण सपाट म्हणजे समांतर नव्हे. हेड पाचरीसारखं झालं होतं.

तिसरा चेंबर चौथ्यापेक्षा किंचित मोठा का, याचंही उत्तर मिळालं. त्याची एक्झॉस्ट सीट पुन्हा कापताना व्हॉल्व्ह इतरांपेक्षा खोल गेला होता. व्हॉल्व्ह आत गेला की चेंबर वाढतो.

पिस्टनने केलेली गोष्ट

आता गॅस्केट. जे उतरवलं तेच, दाबलेल्या अवस्थेत मायक्रोमीटरने बोल्टांजवळ आणि भोकांजवळ मोजलं, १.१५ मिमी. नवं न दाबलेलं गॅस्केट मोजून उपयोग नाही. त्याचं भोक बोअरपेक्षा मोठं असतं, इथे ७१ मिमी. हाही कोपरा बहुतेक जण बोअरच्या मापाने मोजून टाकतात. ७१ च्या गोलाचे ३९.५९ चौरस सेंमी, गुणिले ०.११५, आले ४.५५ सीसी.

पिस्टन माथ्यावर आणून ब्लॉकच्या तोंडावर डायल बसवला. पिस्टन ज्या पिनवर बसतो त्या गजन पिनच्या रेषेत कडेला टेकवायचा, कारण आडव्या दिशेला पिस्टन डुलतो आणि वाचन फसवतं. कड ०.३० मिमी खाली थांबत होती. ३६.९६ गुणिले ०.०३, १.११ सीसी. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. मग सहज म्हणून डायलचं टोक पिस्टनच्या मध्यावर सरकवलं, आणि काटा उलटा धावला. मध्य ब्लॉकच्या तोंडापेक्षा सहा-साडेसहा दशांश मिमी *वर* होता.

मिस्त्री म्हणाले, “सपाट पिस्टन हाईत की सर.” मी स्टीलची पट्टी डोक्यावर उभी धरली. कडेला उजेडाची फट दिसली. डोळ्याला सपाट वाटणारा, पण बशी पालथी घातल्यासारखा फुगीर पिस्टन होता तो. ओव्हरसाईजचा सेट बाजारातून घेतला होता. जुने पिस्टन भंगारात गेलेले, त्यामुळे त्यांचं डोकं कसं होतं हे तपासायला आता काही नाही. टॅक्सीच्या इंजिनातला जो एक पिस्टन माझ्याकडे आहे तो पट्टीला पूर्ण टेकतो.

फुगवटा मोजायची जुनी युक्ती: पिस्टन बरोबर १० मिमी खाली न्यायचा, कडेच्या फटीत ग्रीस भरायचं, वर ॲक्रिलिक ठेवून पाण्याने भरायचं. डोकं सपाट असतं तर ३६.९६ सीसी पाणी मावलं असतं. मावलं ३५.२. फरक १.७६. एवढी जागा पिस्टनने चेंबरमधून खाल्ली होती. वरच्या रिंगच्या वर पिस्टनभोवती जी बारीक फट राहते तिचे ०.२५ ते ०.३ सीसी मी दोन्ही हिशेबांत सोडले आहेत.

आता पहिला सिलिंडर. ३४.० अधिक ४.५५ अधिक १.११ वजा १.७६. क्लिअरन्स ३७.९० सीसी. २७७.२ भागिले ३७.९० झाले ७.३१, अधिक एक, ८.३१.

दुसरा ८.२०, तिसरा ८.०४, चौथा ८.०५.

मूळ इंजिनाचा हिशेब त्याच पद्धतीने, म्हणजे ६८ चा बोअर, न कापलेलं हेड, तेच गॅस्केट, सपाट पिस्टन असा केला तर ७.३१ येतं. म्हणजे पहिल्या सिलिंडरचं कंप्रेशन बरोबर एकाने वाढलं. दहा नाही, साडेनऊ नाही, सव्वाअकरा तर नाहीच.

या एकाची वाटणी मला जास्त मोलाची वाटते. मूळ इंजिनात नुसता बोअर मोठा केला तर ७.४२ होतं, वाढ ०.११. त्यावर हेड कापलं की ७.९९, वाढ ०.५७. त्यावर फुगीर पिस्टन घातला की ८.३१, वाढ ०.३२. सगळा दोष ज्या हेडच्या माथी मारला जात होता त्याचा वाटा अर्ध्याहून थोडासाच जास्त. जवळजवळ तिसरा हिस्सा पिस्टनचा, ज्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. बोअर केल्याने कंप्रेशन ‘लई वाढतं’ म्हणतात, ते एक दशांश.

मग ठणठण कशाची?

इथे माझा हिशेब मलाच अडचणीत आणू लागला. ८.३ हा आकडा काही भयंकर नाही. पद्मिनीचं कंप्रेशन मुळात कमी ठेवलेलं होतं, कारण त्या काळी मिळणारं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली लवकर ठणठण करणारं, होतं. आज पंपावरचं साधं पेट्रोलही ९१ च्या खाली नसतं, आणि त्यात आमच्याच पंचक्रोशीतल्या उसाचं इथेनॉल मिसळलेलं असतं, ज्याने ऑक्टेन वाढतोच. अ‍ॅल्युमिनियमचं हेड उष्णता लवकर सोडतं. अशा इंजिनाला ८.३ पचायला हवं. (इथेनॉलची दुसरी बाजूही आहे. जुन्या कार्ब्युरेटरला त्याने मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. पण दाजींनी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, आधीच एक नंबर मोठा घातला होता.)

पण ठोके, म्हणजे ती ठणठण, खरे होते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंगातून चमकते बारीक ठिपके दिसत होते. अ‍ॅल्युमिनियमचे कण. ते पिस्टनच्या डोक्यावरून उडून येतात, आणि ते ठोक्यांशिवाय येत नाहीत. बाकीचे तीन प्लग स्वच्छ.

म्हणून प्लगना वेळेवर ठिणगी पाठवणारा डिस्ट्रिब्युटर टेबलावर घेतला. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मिस्त्रींनी मंद गतीवर, कानाने, आणि बरोबरच लावलं होतं. त्यांचा कान चांगला आहे. पण मंद गतीवर बरोबर असणं हा अर्धाच भाग. फेऱ्या वाढतील तशी आतली दोन वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. ती किती लवकर पडावी हे दोन स्प्रिंगा ठरवतात. मी दांडा धरून वजनं बोटाने ढकलली. एक स्प्रिंग ताणली जात होती. दुसरी सैल होऊन नुसती लोंबत होती. म्हणजे गाडीने जरा फेऱ्या घेतल्या की जी ठिणगी वरच्या वेगाला लवकर पडायची, ती घाटातल्या कमी वेगाला, पूर्ण भार असतानाच लवकर पडत होती. ठोक्यांना यापेक्षा चांगलं आमंत्रण नाही.

काय केलं, काय केलं नाही

दोन गॅस्केट घालायला मी नाही म्हटलं. हिशेब करून नाही म्हटलं, नुसतं हट्टाने नाही. दुसऱ्या गॅस्केटने क्लिअरन्स ४.५५ सीसीने वाढून ४२.४५ झाला असता, रेशो ७.५३. आकडा छान. पण एकावर एक दोन मऊ थर म्हणजे गळायला एक जागा जास्त, आणि एकदा गॅस्केट गेल्यामुळेच तर हे सगळं झालेलं. शिवाय पिस्टनची कड आणि हेडची सपाट पट्टी यांमधलं अंतर १.४५ वरून २.६० मिमीवर गेलं असतं. ती पट्टी मिश्रण पिळून मध्यभागी ढकलते आणि ज्वाला लवकर पसरायला मदत करते. अंतर वाढलं की ती पट्टी निरुपयोगी होते, आणि कंप्रेशन कमी करूनही ठोक्यांची खोड म्हणावी तशी जात नाही.

पाचर काढायला हेड पुन्हा सरळ कापावं का, असं भाच्याने विचारलं. मागची बाजू आणखी सहा दशांश गेली असती, चारी सिलिंडर ८.३ च्या आसपास आले असते, आणि हेडमध्ये पुढच्या वेळेसाठी काही उरलं नसतं. हे पुशरॉडचं इंजिन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची ढकल खालून लांब दांड्यांनी वर येते. हेड खाली आलं की पुशरॉड तुलनेने लांब होतात, टॅपेटचे स्क्रू मागे घ्यावे लागतात, रॉकरचा कोन बदलतो. पुढच्या दोन सिलिंडरांचे स्क्रू आधीच बरेच मागे आले होते.

त्याऐवजी छोटे चेंबर मोठे केले. पहिल्यातून १.४ आणि दुसऱ्यातून ०.८ सीसी धातू काढायचा होता. हँड ग्राइंडरला बारीक रोटरी फाईल, दर दोन मिनिटांनी ब्युरेट. व्हॉल्व्हभोवतीच्या कडा आणि गॅस्केटच्या रेषेला हात लावायचा नाही, फक्त चेंबरची भिंत आणि छत. अ‍ॅल्युमिनियम लोण्यासारखं कापलं जातं, आणि तेच भीतीचं कारण आहे. पहिल्या चेंबरला दीड तास लागला. शेवटी चारी ३५.४ ते ३५.५. रेशो सगळीकडे ८.०४ ते ८.०५. पिस्टन बदलायचे दाजींच्या मनात नव्हते आणि मीही आग्रह केला नाही. डिस्ट्रिब्युटरला जुळणाऱ्या दोन स्प्रिंगा भंगारातल्या दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून काढून घातल्या. टायमिंग या वेळी कानाने नाही, लाईटने, मंद गतीला आणि तीन हजार फेऱ्यांना असं दोन्हीकडे पाहिलं.

गेजची नवी वाचनं: चारी सिलिंडर १५५ ते १५८.

पुढच्या रविवारी गाडी साखरप्याला उतरवली आणि परत चढवली. चौघं माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. ठणठण नाही.

पण यात एक खोट होती. मी चेंबर आणि स्प्रिंग दोन्ही एकदम बदलले होते, त्यामुळे गुण कशाला आला हे कळत नव्हतं. दाजींचा वैताग सोसून त्याच्या पुढच्या रविवारी जुनी सैल स्प्रिंग परत घातली आणि तोच घाट, तोच भार. तिसऱ्याच वळणावर ठणठण परत आली. आवाज पूर्वीपेक्षा हलका, पण तोच. घरी येऊन चांगली स्प्रिंग बसवली, त्यानंतर नाही.

यावरून स्प्रिंग हे मुख्य कारण, असं मी मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, “पण सर, सातच्या कंप्रेशनला हीच सैल स्प्रिंग चालून गेली असती का न्हाई?” बहुधा चालून गेली असती. ती किती वर्षं सैल होती कुणास ठाऊक, आणि हेड कापण्याआधी कुणाला ठणठण ऐकू आली नव्हती. तेव्हा हेडला मी पूर्ण निर्दोष म्हणू शकत नाही, दहाचा आरोप तेवढा खोडला.

हेड बसवण्याआधी त्याच्या पुढच्या बाजूला, जिथे कशाला धक्का लागत नाही तिथे, पंचने तीन आकडे ठोकून ठेवले आहेत: पुढे १.३५, मागे ०.७५, चेंबर ३५.४. पुढच्या वेळी हे हेड ज्याच्या मशिनवर चढेल त्याला बिलं शोधत बसावं लागणार नाही.